माळावर मुक्काम: सोलापूरकरांचे नेहमीचे प्रश्न

दिवाळीचा फराळ संपला की आमच्या घोळक्यात एकच विषय निघतो, यंदा रात्री बाहेर कुठं राहायचं? मग ओळखीचे, ओळखीच्यांचे ओळखीचे फोन करतात आणि दरवर्षी साधारण तेच विचारतात. तीच उत्तरं एकदा लिहून ठेवतोय. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथंच माणसं चुकतात. आम्हीही तिथंच चुकलो होतो.

सोलापुरात कॅम्पिंग? इथं ना डोंगर ना जंगल!

हा पहिला प्रश्न, आणि तो विचारताना माणूस हमखास हसतो. पण उघड्यावर राहणं आपल्याला नवं कुठं आहे? येळवशीला, म्हणजे वेळा अमावास्येला, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर भागातली घरंच्या घरं शेतात जातात, कडब्याची कोप उभी करतात, आंबील, भज्जी आणि उंडे खाऊन दिवस रानात काढतात. हुरड्याच्या दिवसांत रात्री शेतावर मुक्काम होतो. आषाढीला तर अख्खा महाराष्ट्र पालं ठोकत पंढरपूरला येतो. तंबूला चेन आली आणि नाव इंग्रजी झालं, एवढाच फरक.

राहिला जंगलाचा मुद्दा. आपल्याकडे माळ आहे. सरकारी कागदावर त्याला कित्येकदा 'पडीक' म्हणतात आणि सगळा घोटाळा त्या शब्दापासून सुरू होतो. पडीक म्हटलं की गाडी कुठूनही घाला, काहीही जाळा, काहीही टाका. प्रत्यक्षात त्या गवतात काळवीट, लांडगा, खोकड, धाविक, पखुर्डी आणि नाना तऱ्हेचे चंडोल राहतात. धनगराची मेंढरं त्यावरच जगतात. झाडं नाहीत म्हणून घरं नाहीत असं होत नाही. इथली घरं जमिनीवर असतात, म्हणून पायाखाली जातात.

नान्नजच्या अभयारण्यात तंबू लावता येईल का?

नाही. माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये जाहीर झालं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे अभयारण्यात परवानगीशिवाय शिरताच येत नाही, मुक्काम तर दूरच. वनविभागाला विचारून, पैसे भरून, दिवसा फेरी मारा आणि संध्याकाळी बाहेर पडा. माळढोक दिसेल या आशेनं जाऊ नका, आता तो दिसणं नशिबाची गोष्ट आहे. काळवीट मात्र दिसतील, आणि सकाळच्या उन्हात गवतावरून खाली-खाली तरंगत जाणारे भोवते, म्हणजे शिकारी पक्षी, दिसले तरी खेप वसूल.

माळढोकाची मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालते. त्या एका अंड्यावर गाय, कुत्रा, कावळा, माणूस असे सगळे टपलेले. 'आम्ही फक्त एक रात्र राहणार, काय बिघडतं' याचं उत्तर त्यातच आहे.

मग तंबू लावायचा कुठं?

शेतात. ओळखीच्या शेतकऱ्याला विचारून, कापणी झालेल्या वावरात नाहीतर वस्तीजवळच्या खळ्यावर. ही उत्तम जागा. जमीन आधीच तुडवलेली, पाणी जवळ, अडचण आली तर हाकेला माणूस. ओळख नसेल तर दिवसा जाऊन ओळख करा. अंधार पडल्यावर कुणाच्या बांधावर बॅटऱ्या घेऊन उभे राहिलात तर लोक चोर समजतात आणि त्यांचं काही चुकत नाही. हुरड्याचे पैसे देता तसे जागेचेही द्या. घेतले नाहीत तर त्यांच्याकडूनच भाकरी, दूध, शेंगा विकत घ्या.

गायरानात राहायचं असेल तर ग्रामपंचायतीत सांगून जा. वनखात्याची जमीन असेल तर परवानगी लागते. मोकळं दिसतंय म्हणजे बेवारस आहे असं नाही.

माळावर जागा निवडायची कशी? गवतावर मऊ लागेल ना?

मऊ लागेल, आणि सकाळी पायमोज्यांतून कुसळं काढत बसाल. कुसळीचं टोक सुईसारखं असतं, कापडात शिरलं की पुढंच सरकतं, मागं येत नाही. तेवढी शिक्षा पुरे आहे, पण गवतावर न बसण्याचं खरं कारण दुसरं. पावसाळ्यात वाढलेलं गवत उन्हाळ्यापर्यंत पुरवायचं असतं, जनावरांना आणि मातीलाही. उघडा मुरूम, खडक, जुनी बैलगाडीची वाट, कापलेलं वावर या जागा माणसाचा भार सोसतात. काळी माती कोरडी असेल तर ठीक. अवकाळी सर आली की तंबूच्या खुंट्या लोण्यातल्या सुरीसारख्या निघून येतात आणि तुमच्या चपलांना दोन-दोन किलो चिखल चिकटतो. ओल्या काळ्या रानात गाडी घातली तर चाकोऱ्या पडतात. पुढच्या पावसात पाणी त्याच चाकोरीतून धावतं आणि ओघळ तयार होते.

एक गोष्ट सांगतो. मार्च संपत आला होता, एका पाझर तलावाच्या वरच्या अंगाला सपाट मुरमाड जागा बघून आम्ही पिशव्या टाकल्या. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून कोकलत होती. आम्ही म्हटलं, ओरडणं तिचा स्वभावच आहे. खुंटी ठोकायला आमच्यातली एक जण खाली वाकली आणि तशीच थांबली. तिच्या हातापासून वीतभर अंतरावर चार खडे होते, करड्या-मातकट रंगाचे, वर काळे ठिपके, चारही टोकं आतल्या बाजूला. खडे नव्हतेच ते. घरटं म्हणाल तर जमिनीतला उथळ खळगा आणि भोवती खऱ्या खड्यांची रास, बस्स.

सामान उचलून दोनशे पावलं लांब गेलो. सकाळी दुर्बिणीतून पाहिलं तर टिटवी तलावाच्या कडेला पोट बुडवून, पिसं भिजवून परत आली आणि अंड्यांवर बसली. उन्हात ती अशीच अंडी गार ठेवते. (टिटवीनं उंचावर अंडी घातली की पाऊस चांगला, असं आपल्याकडे म्हणतात. त्या वर्षीच्या पावसाबद्दल विचारू नका.) तेव्हापासून नियम केला: पक्षी सारखा ओरडतोय, अंगावर येतोय, तर जागा त्याची आहे, आपण निघायचं. मार्च ते ऑगस्ट उघड्या मुरमावरही आधी दहा मिनिटं खाली बघत चालायचं. कायदाही हेच सांगतो. वन्य पक्ष्यांची अंडी-घरटी छेडणं कायद्याच्या व्याख्येत शिकारीतच मोडतं.

शेकोटी तरी करू ना?

करा, पण आधीपासून जिथं जाळ होतो तिथंच. शेतकऱ्याच्या वस्तीवर चूल असते, हुरड्याची आगटी असते. तिथंच बसा. नव्या जागी दगड मांडून नवा काळा डाग पाडू नका. माळावर गवत उभं असताना, म्हणजे नोव्हेंबरपासून पाऊस पडेपर्यंत, उघड्यावर जाळ नकोच. वाळलेलं गवत पेटलं की वाऱ्याच्या पुढं माणूस पळू शकत नाही, मग ससा, तितर, घोरपड काय पळणार? अभयारण्यात आग लावणं हा गुन्हाच आहे. स्वयंपाकाला छोटा गॅस पुरतो. सोलापूरचं वारं जोराचं, त्यामुळे शेगडीला आडोसा हवा, नाहीतर चहाला अर्धा तास लागतो.

आता आमची चूक. जानेवारीची रात्र, हुरडा झाला होता, आगटीत शेणीचे निखारे होते. आम्ही शहाणपणानं वर माती लोटली, पाय देऊन दाबली आणि झोपलो. शेणीचा निखारा मातीखाली विझत नाही, उबेला राहतो. पहाटे वारं सुटलं, माती उडाली आणि ठिणगी बांधावरच्या वाळल्या गवतात गेली. जागे झालो ते चटचट आवाजानं. शेतमालक ओलं गोणपाट घेऊन धावला, आम्ही पाण्याचे सगळे कॅन ओतले. दहा-बारा हात बांध जळाला, पलीकडे कडब्याची गंज होती. मालक रागावला नाही, नुसता गंजीकडे बघत उभा राहिला. रागावला असता तर बरं झालं असतं.

तर विझवायचं असं: पाणी ओता, काडीनं ढवळा, परत ओता, परत ढवळा, आणि शेवटी हाताची मागची बाजू राखेजवळ न्या. ऊब लागली तर अजून पाणी. एवढं पाणी नसेल तर जाळ पेटवायचाच नाही. जळणासाठी बाभळीची, बोरीची फांदी तोडू नका, पडलेली लाकडंही गोळा करत हिंडू नका. पडक्या लाकडात किडे, सरडे, विंचू राहतात आणि उरलेलं वस्तीवरच्या बाईच्या चुलीला लागतं. शेणी-सरपण विकत घ्या.

खायला काय न्यावं?

या बाबतीत आपल्यासारखं भाग्य कुणाचं नाही. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी! शिजवायला नको, खराब होत नाही, भांडं लागत नाही. भाकऱ्या फडक्यात बांधा, चटणी डब्यात, सोबत कांदा, दही. दुकानातून घेतलं तरी घरीच पिशव्या फोडून डब्यांत भरा. कचरा माळावर उचलण्यापेक्षा निघायच्या आधी घरीच कमी करणं सोपं. आयत्या नूडल्सची, वेफर्सची पाकिटं नेली की फाडलेला तो इवलासा कोपरा वाऱ्यानं उडतो आणि तोच कधी सापडत नाही.

थर्माकोलच्या ताटल्यांवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे, तरी कुठून तरी येतातच. कागदी कपालाही आतून प्लास्टिकचा थर असतो, तो जाळला तर धूर होतो आणि पुरला तर कुजत नाही. प्रत्येकानं आपलं ताट-वाटी-पेला घरून आणावा, आपला आपण धुवावा. लग्नाच्या पंगतीइतकी माणसं असतील तर पळसाच्या पानांची पत्रावळ चालेल. तीही परत आणा किंवा शेतकऱ्याच्या उकिरड्यात विचारून टाका.

केळीची, संत्र्याची साल टाकली तर काय? कुजूनच जाते.

कोकणात कुजत असेल. इथं ती सुकते, चामड्यासारखी कडक होते आणि महिनोन् महिने पडून राहते. कुजायला ओल लागते आणि आपल्याकडे पावसाळा सोडला तर ओल कुठं आहे? शिवाय खरकट्याच्या वासाला गावची कुत्री माळात येतात आणि आली की जमिनीवरची अंडी-पिल्लं खातात. शेंगांची टरफलंसुद्धा पिशवीत भरा. हो, टरफलंसुद्धा. यावर दरवेळी वाद होतो.

भांडी तलावात घासू का?

नको. 'नैसर्गिक' असं लिहिलेला साबणही पाण्यात गेला की मासे, बेडूक, किडे यांना त्रासच. पाणी बादलीत काढा, काठापासून सत्तर-ऐंशी पावलं लांब या, राखेनं घासा, खरकटं गाळून पिशवीत आणि पाणी कोरड्या जमिनीवर पसरून फेका. अंघोळीलाही हेच. एक रात्र अंघोळ नाही केली तर कुणी मरत नाही.

शौचाचं काय? हे विचारायला लाजतात सगळे.

लाजू नका, न विचारता जातात ते जास्त घाण करतात. वस्तीवर संडास असेल तर विचारून तोच वापरा. नसेल तर पाणी, वाट, विहीर, बोअर आणि तंबू या सगळ्यांपासून किमान सत्तर-ऐंशी पावलं लांब, म्हणजे साठेक मीटर. खुरपं किंवा छोटी कुदळ सोबत हवीच, मुरूम हातानं उकरत नाही. वीतभर खोल खड्डा, काम झाल्यावर त्याच मातीनं बुजवा. वीतभरच का? वरच्या थरात मातीतले जीव काम करतात, फार खोल गेलं की तसंच राहतं. ओघळीत, नाल्यात बसू नका. आज कोरडी दिसली तरी पहिल्या पावसात सगळं तलावात जातं. टमरेल ही आपली जुनी सोय सर्वात चांगली, कागद लागत नाही. कागद वापरलाच तर तो, ओले वाइप्स, सॅनिटरी पॅड, डायपर हे सगळं परत आणायचं. त्यासाठी झाकणाचा वेगळा डबा ठेवा, बाहेरून वर्तमानपत्र चिकटवा, कुणाला काही दिसत नाही.

महागडा तंबू, स्लीपिंग बॅग घ्यावी लागेल का?

सोलापुरात राहून हा प्रश्न! खाली सतरंजी, अंगावर सोलापुरी चादर, डिसेंबरात वर घोंगडी. धनगराकडून घेतलेली घोंगडी दवात ओली झाली तरी ऊब देते. डासांसाठी मच्छरदाणी. तंबू हवाच असेल तर दोन-तीन घरांत मिळून एक घ्या. वर्षातून चार रात्री वापरायची वस्तू प्रत्येकाच्या माळ्यावर धूळ खात पडायला नको.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा मध्य. १३-१४ डिसेंबरच्या आसपास मिथुन राशीतला उल्कावर्षाव असतो, चंद्र नसेल तर शहरापासून लांब पाठीवर पडून बघा. तेव्हा बॅटऱ्या बंद, मोबाइल खिशात. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा गच्चीवर झोपा.

उजनीच्या काठावर राहिलं तर?

हिवाळ्यात काठ गजबजलेला असतो. रोहित (फ्लेमिंगो) येतात, हिमालय ओलांडून पट्टकदंब हंस येतात. पाणी उतरेल तसा गाळपेरा होतो, म्हणजे तो काठही कुणाचं तरी शेत असतं, विचारून बसा. पक्षी चरत असतील तिकडं चालत जाऊ नका. थवा उठला की छायाचित्र सुंदर येतं, पण हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याला तुम्ही फुकट पळवलेलं असतं. नाव केली तर नावाड्याला 'अजून जवळ घ्या' म्हणू नका. त्याला पोट आहे, तो घेईल.

पाणी पिऊ नका. मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी यांतून पुण्या-पिंपरीचं सांडपाणी भीमेत आणि भीमेतून उजनीत येतं. उकळल्यानं जंतू मरतात, रसायनं जात नाहीत. माणशी चार-पाच लिटर घरून न्या. पोहू पण नका, खाली गाळ आहे, कोळ्यांची जाळी आहेत.

नळदुर्गच्या किल्ल्यात रात्र काढायची आहे.

किल्ला संरक्षित स्मारक आहे. दिवसा जा, पाणीमहाल बघा, बोरी नदीला पाणी असेल तर नर-मादी धबधबे बघा, आणि अंधाराआधी बाहेर पडा. भिंतीवर नाव कोरणाऱ्यांसाठी इथं जागा वाया घालवत नाही.

लांडगा आला तर?

येणार नाही. आलाच तर तुम्हाला कळायच्या आत निघून जाईल. मेंढ्यांचे कळप फिरतात त्या भागात तो असतो आणि धनगर त्याच्यासोबत पिढ्यान् पिढ्या राहत आलेत. पायाचे ठसे दिसले तर आनंद माना, पण माग काढत बिळापर्यंत जाऊ नका. माणसाचा वावर झाला तर मादी पिल्लं उचलून हलवते आणि त्यात पिल्लं दगावतात. गाडीतून काळविटामागं लागणारे महाभागही पाहिलेत. त्यांना पुन्हा सोबत नेलं नाही. जखमी प्राणी दिसला तर स्वतः उचलू नका, वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर कळवा.

कुत्रा, स्पीकर, ड्रोन?

कुत्रा घरी. गोड असला तरी तो अंडी शोधतो, आणि त्याच्यापासून लांडगा-खोकडांना डिस्टेंपरसारखे रोग लागतात. स्पीकर घरी. ड्रोन घरी.

साप-विंचवाची भीती वाटते.

वाटू द्या, सावध राहाल. फुरसं, घोणस, नाग, मण्यार चारही आपल्याकडे आहेत. दगड उलथू नका, ते त्यांचं छप्पर आहे. रात्री बॅटरीशिवाय पाऊल टाकू नका, सकाळी बूट झटकून घाला, तंबूची चेन लावा. साप चावलाच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं, मांत्रिक, काहीही नको. अंग न हलवता १०८ ला फोन करा आणि थेट सरकारी दवाखाना गाठा. सापाला मारून सोबत नेण्याचीही गरज नसते.

जागा छान सापडली, फोटोसोबत ठिकाण टाकू का?

घरट्याचा, बिळाचा फोटो असेल तर ठिकाण मुळीच टाकू नका. नुसत्या जागेचा असेल तर तालुक्याचं नाव पुरे. आमची एक आवडती टेकडी अशीच गेली. कुणीतरी नकाशावर खूण टाकली आणि दोन हिवाळ्यांत तिथं बाटल्यांच्या काचा झाल्या. खूण टाकणारा आमच्यातलाच होता.

आधीच्या लोकांचा कचरा पडलाय, तो आम्ही का उचलायचा?

नका उचलू, पण मग त्याच्या शेजारी झोपा. आम्ही एक रिकामं खताचं पोतं जास्तीचं नेतो. फुटक्या काचांना जाड हातमोजे लागतात, बाकी काही नाही.

निघायच्या दिवशी किती वेळ राखून ठेवायचा?

अर्धा तास, आणि तो गाड्या भरून झाल्यावर. खुरपणीला बायका पात धरतात तशी सगळ्यांनी हातभर अंतरानं रांग धरायची आणि मुक्कामाच्या जागेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत खाली बघत सावकाश चालायचं. लहान पोरं यात फार तरबेज असतात, त्यांची नजर जमिनीला जवळ असते. गेल्या खेपेला 'काहीच नाही राहिलं' असं सगळे म्हणत असताना पातीत निघालं ते असं: तंबूच्या दोन खुंट्या, केसांचा रबर, औषधाच्या गोळीचं रिकामं पाकीट, अर्धी मेणबत्ती, सात-आठ टरफलं आणि एका काकांची दाताची कवळी.